महिला मंडळ सूचना: पोट फुगतंय? कॅलेंडरवर खुणा करा

सभासद भगिनींनो,

गॅस समजून महिनोन्‌महिने ओवा-सोडा घेतला जातो आणि अंडाशयाचा कॅन्सर तोवर पोटात पसरतो. पोट फुगलेलं राहणं, चार घासांतच पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, लघवीची सारखी घाई: यातलं काहीही वर्षभरात नव्याने सुरू झालं असेल आणि महिन्यात १२ दिवसांपेक्षा जास्त होत असेल, तर खुणा केलेलं कॅलेंडर घेऊनच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला, तर खुणांसाठीही थांबू नका.

पॅप स्मिअर नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका. ती तपासणी गर्भाशयाच्या मुखाची. अंडाशयासाठी लागते योनिमार्गे सोनोग्राफी, जोडीला सीए-१२५ ही रक्ततपासणी. तिची नेहमीची मर्यादा ३५. पण फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी), एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयासारखं अस्तर बाहेर वाढणं), अगदी पाळी चालू असली तरी आकडा वाढतो. पोटाच्या टीबीतही वाढतो, आणि मुंबईत टीबी विसरून चालत नाही. उलट सुरुवातीच्या टप्प्यात साधारण निम्म्या रुग्णांत तो नॉर्मलच असतो. त्यामुळे तक्रार नसताना हेल्थ पॅकेजमधून सीए-१२५ करणं म्हणजे पैसे देऊन घोर विकत घेणं.

आई, बहीण, मावशीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर होता का, हे डॉक्टरांना सांगा. आत्या आणि वडिलांची आईसुद्धा मोजायची. हे हमखास राहतं. बीआरसीए-१ जनुकात दोष असल्यास अंडाशयाच्या कॅन्सरचा आयुष्यभराचा धोका सुमारे ४० टक्के. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये जनुकीय तपासणीचा सल्ला मिळतो.

अंडाशयाच्या संशयास्पद गाठीतलं पाणी सुईने काढू देऊ नका. पेशी पोटात सांडल्या की स्टेज वाढते. पहिलं ऑपरेशनच स्त्रियांच्या कॅन्सरच्या सर्जनकडे व्हावं.