रंग शेवटपर्यंत जपून ठेव

पुणे, रविवार

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेली बारा छायाचित्रे मिळाली. नवा कॅमेरा हाती येताच तू कृष्णधवलाकडे वळलास, याचा मला मनापासून आनंद झाला. सगळी चित्रे राखाडी आणि मरगळलेली का दिसतात, आणि कॅमेऱ्यातच मोनोक्रोम, म्हणजे कृष्णधवलाची सोय, ठेवून टिपावे की घरी येऊन संगणकावर रंग काढावेत, असे तू विचारले आहेस. दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सेन्सरवरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीवरचा, एकेक पिक्सेल (सूक्ष्म ठिपका) मुळात रंगांधळा असतो. आपल्यावर किती प्रकाश पडला एवढेच त्याला कळते. रंग कळावा म्हणून त्यावर लाल, हिरव्या आणि निळ्या सूक्ष्म फिल्टरांची जाळी बसवलेली असते आणि दर चार पिक्सेलांपैकी दोन हिरवे, एक लाल व एक निळा अशी तिची मांडणी असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची ही कल्पना. १९७६ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले आणि आजही बहुतेक कॅमेरे तिच्यावरच चालतात. म्हणजे तुझा कॅमेरा आधी रंगांचीच माहिती गोळा करतो, आणि कोणत्या रंगाला करड्याची कोणती छटा द्यायची हे त्यानंतर ठरते. ते तू ठरवावेस, कॅमेऱ्यावर सोपवू नयेस, एवढेच मला या पत्रात सांगायचे आहे.

गेल्या श्रावणात मी वाईजवळ मेणवलीला गेलो होतो. नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा कृष्णेचा घाट तुला आठवत असेल. पाऊस नुकताच उघडला होता, काळ्या पाषाणाच्या पायऱ्या ओल्या होत्या आणि त्यांवर कोणीतरी हिरव्या काठांचे लाल लुगडे वाळत घातले होते. डोळ्यांना ते लाल आणि हिरवे असे काही भिडत होते की मी धावत खाली उतरलो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मात्र काठ आणि अंग एकाच करड्या रंगात मिसळून गेले होते. लुगडे कुठे संपते आणि काठ कुठे सुरू होतो हेच कळेना. याचे कारण साधे आहे. रंगाचे करड्यात रूपांतर करताना सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका सूत्रात हिरव्याला सुमारे ५९ टक्के, लालला ३० टक्के आणि निळ्याला ११ टक्के वजन असते. या हिशोबात भडक लाल आणि गडद हिरवा शेजारी शेजारी येऊन बसतात. तुझ्या मंडईतल्या चित्रात टोमॅटो आणि मिरच्या एकजीव झाल्या आहेत, त्या याच कारणाने.

सुदैवाने मी रॉ फाइलही, म्हणजे सेन्सरने टिपलेली सारी कच्ची माहिती, ठेवली होती. घरी आल्यावर संगणकावर लाल रंगाचा उजळपणा ठरवणारी पट्टी वर नेली आणि हिरव्याची खाली आणली, तसे लुगडे उजळले आणि काठ काजळासारखे गडद झाले. मग उलट करून पाहिले, तेव्हा लुगडे पायऱ्यांच्या काळ्यात विरले आणि नुसते दोन काठ पाण्याच्या दिशेने उतरणाऱ्या रेघांसारखे उरले. एकाच क्षणाची दोन चित्रे, आणि दोन्ही खरी. मी दुसरे ठेवले, कारण मला लुगड्यापेक्षा घाटाचा उतार दाखवायचा होता.

आमच्या आजीच्या लग्नातला फोटो तू आमच्या माजघरात पाहिला आहेस. त्यात तिचे कुंकू काळेभोर दिसते. त्या काळी फोटो टिपायच्या कित्येक काचा आणि फिल्म यांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, निळा मात्र फार दिसे. म्हणून कुंकू काळे पडे आणि निळे आभाळ पांढरेफटक येई. पुढे सर्व रंग दिसणारी फिल्म रुळली, तरी लेन्सवर पिवळा, नारिंगी की लाल फिल्टर चढवायचा हे बटण दाबण्याआधीच ठरवावे लागे. आपल्याला तो निर्णय घरी शांतपणे घेता येतो. ही सोय मला डिजिटल कॅमेऱ्याची सर्वांत मोठी देणगी वाटते.

म्हणून कॅमेऱ्यात मोनोक्रोम जरूर ठेव, पण फाइल रॉ ठेव. असे केल्याने व्ह्यूफाइंडरमध्ये आणि पडद्यावर चित्र कृष्णधवल दिसते, त्यामुळे नजर आपोआप उजेड, सावली आणि पोत यांकडे वळते, आणि फाइलीत रंग मात्र शाबूत राहतात. केवळ मोनोक्रोम जेपेग, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेले चित्र, ठेवलेस तर रंग कायमचे गेले. ते कोणत्याही उपायाने परत येत नाहीत. पहिल्या वर्षी मी असेच केले आणि त्या वर्षीची पंढरीच्या वाटेवरची सारी चित्रे आज जशी आहेत तशीच मला स्वीकारावी लागतात. शिवाय जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटांच्या रॉ फाइलीत १६,३८४. आभाळ गडद करताना हा फरक लगेच जाणवतो. तरीही निळ्याची पट्टी फार खाली ओढू नकोस. आभाळात दाणे उठतात आणि डोंगराच्या कडेला पांढरी रेघ उमटते. तुझ्या सिंहगडाच्या चित्रात तीच रेघ आहे.

एक्स्पोजरबद्दलही, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा याबद्दल, थोडे लिहितो. समोर जे काही आहे ते मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरूनच कॅमेऱ्याचा मीटर चालतो. त्यामुळे ओला काळा पाषाण त्याला फार अंधारा वाटतो, तो चित्र उजळ करतो, आणि पायरीवर बसलेल्या माणसाचे पांढरे धोतर पार उडून जाते. अशा वेळी मी एक स्टॉप कमी करतो, म्हणजे उजेड निम्म्यावर आणतो, आणि हिस्टोग्रामचा, म्हणजे चित्रातल्या उजेडाच्या आलेखाचा, उजवा (पांढऱ्याकडचा) काठ मोकळा आहे ना, हे पाहतो. निगेटिव्ह फिल्मवर आपण सावल्यांची काळजी घ्यायचो. इथे पांढऱ्याची घ्यायची, कारण सावली नंतर बरीच उचलता येते, पण उडालेल्या पांढऱ्यात काहीच उरलेले नसते. वाड्याच्या आत उजेड कमी असेल तर आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) ३२०० पर्यंत बिनदिक्कत ने. रंगीत चित्रात जे डाग खुपतात ते कृष्णधवलात बरेचसे दाण्यांसारखे दिसतात.

लेन्सवर चढवायचा लाल फिल्टर विकत घेऊ नकोस. तो लावलास की निळ्या आणि हिरव्या पिक्सेलांपर्यंत फारसा उजेडच पोहोचत नाही आणि चित्राचा सारा भार एक चतुर्थांश पिक्सेलांवर पडतो. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, मात्र घे, कारण पाण्यावरची चकाकी मागाहून काढता येत नाही. लायकाने २०१२ साली रंगजाळी नसलेला, फक्त कृष्णधवल टिपणारा कॅमेरा काढला, त्याविषयी तू विचारले आहेस. त्यातून तपशील फार सुरेख येतो; पण रंगच नोंदले जात नसल्याने तिथे पुन्हा फिल्मसारखे काचेचे फिल्टर वापरावे लागतात. लाल-हिरव्याचा निर्णय घरी घेण्याची मुभा मला त्या तपशिलापेक्षा मोलाची वाटते.

तुझ्या बारांपैकी खिडकीशी बसून तांदूळ निवडणाऱ्या काकूंचे चित्र मला फार आवडले. सुपातला उजेड आणि हातावरच्या शिरा तू नेमक्या पकडल्या आहेस. त्याची रॉ फाइल असेल तर पाठव. त्यांच्या लुगड्याचा रंग कोणता होता तेही कळव, म्हणजे चेहरा पार्श्वभूमीतून सुटा कसा करता येईल ते मी करून पाहीन. आणि श्रावणात दोन दिवस सवड काढून ये. सकाळी सातला घाटावर ऊन तिरके येते, तेव्हा आपण तिथे असायला हवे.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र