चाचणीत पास झालेल्या प्रोटोटाइपला पहिली ऑर्डर मिळू द्या

प्रति,
मा. श्री. राजनाथ सिंह,
संरक्षणमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

भोसरी एमआयडीसीत माझा छोटा कारखाना आहे. लष्करी उपकरणांचे सुटे भाग आम्ही बनवतो. पूर्वी आमच्याकडे ड्रॉइंग यायची ती सरकारी प्रयोगशाळांकडून किंवा दारूगोळा कारखान्यांकडून. आता ड्रोन, जॅमर, मानवरहित नौका घडवणारी तिशीच्या आतली मुले येतात. त्यांना एकच नग हवा असतो आणि तो लगेच हवा असतो.

हे २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयडेक्समुळे, म्हणजे संरक्षणातल्या नव्या कल्पनांना अनुदान देणाऱ्या आपल्या मंत्रालयाच्या योजनेमुळे घडले, आणि त्याबद्दल सरकारचे मनापासून आभार. दीड कोटीपर्यंतचे अनुदान, आयडेक्स प्राइममध्ये दहा कोटी, अदिती योजनेत पंचवीस कोटी. प्रोटोटाइप, म्हणजे चाचणीसाठीचा पहिला नमुना, करायला आज पैसा मिळतो. खरी अडचण तो पास झाल्यावर सुरू होते.

अनुदानाइतकाच वाटा स्टार्टअपला स्वतः उभा करावा लागतो. त्यासाठी राहते घर गहाण टाकलेली मुले मी पाहिली आहेत. नग तयार होतो, युनिटमध्ये चाचणी होते, जवान समाधान व्यक्त करतात. मग फाइल फिरू लागते. ज्या अधिकाऱ्याने गरज समजावून सांगितली होती त्याची बदली होते आणि नव्या साहेबांना त्यात आणखी एक सुविधा हवी असते. तोवर इंजिनिअर दुसरीकडे नोकरीला लागलेले असतात. डीएपी २०२० या संरक्षण खरेदीच्या नियमावलीत आयडेक्समधून खरेदीची वाट आहे, २०२२ मध्ये आपण ती आणखी सोपी केलीत. तरीही पास झालेला नग घेतला जाईलच, याची हमी या मुलांना कोणी देत नाही.

अमेरिकेने यावर काढलेला मार्ग पाहण्यासारखा आहे. नेहमीच्या खरेदी नियमांबाहेर करार करण्याची मुभा तिथे १९५८ मध्ये नासाला मिळाली, १९८९ मध्ये डार्पा या लष्करी संशोधन संस्थेला, आणि पुढे खास लष्करी प्रोटोटाइपसाठी. आज तिथे प्रोटोटाइपसाठीची निवड स्पर्धेतून झाली असेल आणि काम यशस्वी ठरले असेल, तर नव्याने निविदा न काढता त्याच कंपनीला उत्पादनाचे काम देता येते. त्यांनाही ठेच लागली आहे. २०१८ मध्ये रीअन क्लाऊड या कंपनीला असे पुढचे काम दिले गेले, तेव्हा ओरॅकल या दुसऱ्या कंपनीने तक्रार केली आणि ती मान्य झाली. पुढच्या उत्पादनाची तरतूद मूळ करारात लिहिलेलीच नव्हती, हे त्याचे एक मोठे कारण.

म्हणून माझी मागणी पहिल्याच कागदाबद्दल आहे. आयडेक्सचे आव्हान, म्हणजे सैन्यदलांना हवी असलेली वस्तू बनवण्याचे आवाहन, जाहीर करतानाच पहिली तुकडी किती नगांची, ती कोणत्या कसोट्यांवर घेणार आणि चाचणीनंतर किती दिवसांत निर्णय देणार, हे सर्वांसमोर छापा. स्पर्धा तिथे खुली होऊ द्या. मग मर्जीतल्याला काम दिल्याचा आरोप टिकणार नाही. कसोट्या मध्येच बदलायच्या असतील तर वाढीव खर्च सरकारने द्यावा. नग नको असेल तर नाही म्हणा, पण वेळेत आणि लेखी कारणासह. नकार मिळाला तर माणूस दुसरे काम धरतो. अनिश्चिततेत मात्र कंपनी बुडते.

अधिकाऱ्यांनाही संरक्षण द्या. खरेदीचा निर्णय घेणाऱ्याला काही वर्षांनी ऑडिटच्या शेऱ्यांना उत्तर द्यावे लागते. फाइल अडवून ठेवणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. नव्या तंत्रज्ञानात काही प्रयोग फसणारच. प्रामाणिकपणे फसलेला प्रयोग आणि भ्रष्टाचार यांत नियमांनीच फरक केला पाहिजे.

वेग आपल्या यंत्रणेला अशक्य नाही. गलवाननंतर जुलै २०२० मध्ये तिन्ही दलांना तीनशे कोटींपर्यंतच्या तातडीच्या खरेदीचे अधिकार दिले गेलेच होते. त्यातला थोडासा विश्वास शांततेच्या काळात, आपल्याच मुलांनी बनवलेल्या आणि चाचणीत उतरलेल्या वस्तूंवर दाखवावा.

२०२५ हे वर्ष आपण संरक्षण सुधारणांचे म्हणून जाहीर केले आणि डीएपीच्या फेरआढाव्याला हात घातला. हे काम करणाऱ्यांनी पुण्यात यावे, अनुदान मिळूनही ऑर्डरची वाट पाहणाऱ्या स्टार्टअपना आणि त्यांना भाग पुरवणाऱ्या आमच्यासारख्या कारखानदारांना एकत्र बसवून ऐकावे, ही विनंती.

आपला नम्र,
भोसरीतील एक लघुउद्योजक