सोबत बाबांचा पाना पाठवते आहे

शॉमबर्ग, इलिनॉय,
गुरुवार रात्र

चि. तुषारला,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू "मीटिंग आहे" म्हणून फोन ठेवलास. रविवारी दुपारी कसली मीटिंग, ते मी विचारणार नाही. सायलीचा मागाहून मेसेज आला, तो चिडलेला नाही, दमलाय म्हणून. असू दे. हे पत्र त्याबद्दल नाहीच. गॅरेज आवरायला काढलंय, त्यात काय काय निघालं ते कळवायला बसले आहे. जोडाक्षरं अडली तर सायलीला विचार, पण सगळं पत्र तिच्याकडून वाचून घेऊ नकोस.

तर, बाबांची हत्यारांची लाल पेटी. मेघा म्हणाली, विकून टाक, सीअर्सच्या क्राफ्ट्समन छापाच्या जुन्या पेट्या लोक हौसेने घेतात. मी वरचा खण उघडला आणि अर्धा दिवस तिथेच गेला. बाबांनी प्रत्येक सॉकेटची, म्हणजे पान्याच्या टोकाला लावायच्या, नटावर बसणाऱ्या टोपीची, जागा आखून ठेवली होती. ९/१६ इंचाची जागा रिकामी. ते तू सायकलच्या वेळी हरवलंस, आणि मी नवीन आणून देईन म्हटलं तर ते म्हणाले, "राहू दे, त्याला दिसू दे." वीस वर्षं ती जागा तशीच आहे. मला तेव्हा राग आला होता त्यांचा.

मी सीअर्सच्या दुकानात काउंटरवर होते तेव्हा तू लहान होतास, तुला काय आठवणार. १९८३ ला मला पडद्यांच्या विभागात घेतलं, नाताळच्या गर्दीत हत्यारांकडे माणूस कमी पडला म्हणून तिथे उभं केलं, आणि मी तिथलीच झाले. बाबांनी लालबागला पत्रात लिहिलं, "ही आता हत्यारं विकते." आजीला कळलं, पण शेजारच्या रेगेकाकूंनी चाळभर केलं की सून बंदुका विकते. अमेरिका ना!

पहिल्या आठवड्यात एक शेतकरी आला. तुटलेला रॅचेट पाना, सगळा गंजलेला, कागदी पिशवीत. पावती नाही. मी विचारणार तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्या सेल्समनने माझ्या हातातून पाना घेतला, फळीवरून नवा काढला, त्याला दिला. झालं. हातहत्यार तुटलं तर बदलून द्यायचं. कधी घेतलं, कसं तुटलं, विचारायचं नाही. एकाने तर स्क्रू ड्रायव्हरची छिन्नी करून त्याचं टोक उडवलं होतं, दिसत होतं सरळ सरळ. त्यालाही दिला. मी घरी येऊन बाबांना म्हटलं, ही कंपनी अशाने बुडेल. ते हसले. म्हणाले, अशाने नाही बुडत.

तुला एक सांगायचं राहिलंच. त्या रॅचेटच्या पाठीवर एक बटण आहे, अंगठ्याने दाबलं की सॉकेट सुटून पडतं, दुसरा हात लागत नाही. ते शोधलं पीटर रॉबर्ट्स नावाच्या पोराने, सीअर्सच्याच दुकानात कामाला होता, वय अठरा. १९६५ ला पेटंट मिळालं. कंपनीने ते जास्तीत जास्त दहा हजार डॉलर मिळतील अशा बोलीवर घेतलं आणि तसे पाने लाखोंनी विकले. पुढे तो कोर्टात गेला, ज्युरीने त्याच्या बाजूने कौल दिला, तरी मिटायला १९८९ उजाडलं. काउंटरवर सगळ्यांना ही गोष्ट माहीत होती. तुझ्या नावाचं पेटंट झालं तेव्हा मला पहिला तोच आठवला. बोलले नाही, कारण तू इतका खूश होतास. मीही होते. मंडळाच्या गणपतीत मी चार जणींना सांगितलं, पाचवीला सांगताना मेघाने कोपर मारलं. तुझ्या पेटंटचे पैसे कंपनीने तुला कशात दिले? शेअरमध्येच ना?

बघ, आलंच. येणार नाही म्हटलं होतं.

आता आलंय तर एकदाच सांगते आणि बंद करते. तुझा पगार त्या कंपनीचा. विमा त्या कंपनीचा. ईराचं पाळणाघर त्यांच्या आवारात. आणि साठवलेलं सगळं, घराच्या पहिल्या हप्त्यासकट, त्याच कंपनीच्या शेअरमध्ये. मी म्हटलं थोडे विक, तर तू म्हणालास, "आई, ती कुठे बुडतेय?"

हे वाक्य मी या आयुष्यात तिसऱ्यांदा ऐकलं. पहिल्यांदा लालबागला, तुझ्या आजोबांच्या तोंडून. साचेखात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस. भोंगा झाला की चाळीतली घड्याळं लावायची. गिरणी कुठे बंद पडते, म्हणायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाख माणसं बाहेर आली, आणि कित्येक गिरण्यांचा भोंगा पुन्हा वाजलाच नाही. त्यांची देणी राहिली ती राहिलीच. आपण २००६ ला गेलो तेव्हा तू परळच्या मॉलमध्ये बूट घेतलेस, आठवतं? बाबा आत आलेच नाहीत. बाहेर चिमणीकडे बघत उभे राहिले. तुला वाटलं त्यांना एसी सोसत नाही.

म्हणून १९९१ ला आजी इकडे आली आणि मी नोकरी सोडली, तेव्हा माझ्या नावावरचे सीअर्सचे शेअर बाबांनी विकायला लावले. नफ्यातला वाटा माणसांच्या नावावर ठेवायची पद्धत तिथे १९१६ पासूनची. गोदामात पेट्या उचलणारे निवृत्त होताना घर घेऊन गेले, असं जेवणाच्या सुट्टीत ऐकायचो. मी विकायला तयार नव्हते. "ती कुठे बुडतेय," मीच म्हटलं. तेव्हा जगातली सगळ्यात उंच इमारत त्यांची, शिकागोतली, एकशे दहा मजली, १९७३ पासून. तिचं गणित मांडणारा इंजिनिअर फझलूर खान ढाक्याचा, म्हणून बाबांना तिचं भारी कौतुक. पाहुणे आले की आधी तिथे नेणार. पण शेअर विकायला लावले. मी त्यांच्याशी दोन महिने धड बोलले नाही.

आणि खरं सांगायचं तर हिशेबाने तेच चुकले. हे तू रविवारी म्हणालास, ते बरोबर आहे. नंतर डिस्कव्हर कार्डाची कंपनी वेगळी झाली, १९९५ ला विम्याची ऑलस्टेट वेगळी झाली, त्यांचे वाटे शेअरवाल्यांना मिळाले. मी ते बाबांना किती वेळा ऐकवलं असेल! तुझे दात, मेघाची फी, काहीही निघालं की मी, "ते शेअर असते तर." ते गप्प बसायचे. २००७ ला एका शेअरचा भाव १९० डॉलरच्या वर गेला, तेव्हा मी पेपर त्यांच्या चहाशेजारी उघडून ठेवला होता. दुष्टपणाच तो. ऑक्टोबर २०१८ ला सीअर्सने दिवाळं काढलं तेव्हा तोच शेअर अर्ध्या डॉलरच्याही खाली होता, आणि पेपर दाखवायला समोर कोणी नव्हतं.

ती बुडाली कशाने, हे तू मला समजावलंस, अ‍ॅमेझॉन आलं म्हणून. तुषार, अरे घरबसल्या वस्तू मागवायची कल्पना त्यांचीच. शंभर वर्षांपूर्वी लोक कॅटलॉग बघून घड्याळ, शिलाई मशीन मागवत, अख्खं घर मागवत. १९०८ ते १९४० त्यांनी घरं विकली, लाकूड-खिळे-दारं सगळं मोजून आगगाडीने यायचं. एल्गिनला त्यातली कितीतरी अजून उभी आहेत. बाबा मला एका रविवारी ती दाखवायला घेऊन गेले, आणि कुठल्याशा घराच्या ओसरीचा वासा निरखत इतका वेळ उभे राहिले की आतून बाई बाहेर आली. तो कॅटलॉग कंपनीने १९९३ ला बंद केला. अ‍ॅमेझॉन निघालं १९९४ ला. म्हणजे वाट ठाऊक होती, चालायचे पाय कापून टाकले. त्याआधी दहा वर्षं विमा, घरांची दलाली, क्रेडिट कार्डं यांत जीव, आणि दुकानांकडे लक्ष कमी. वॉलमार्ट पुढे निघून गेलं. २००५ ला केमार्ट या दुसऱ्या दुकानसाखळीशी जोडणी झाली. ती करणारा एडी लॅम्पर्ट पैशांच्या बाजारातला माणूस. कंपनीचाच पैसा कंपनीचेच शेअर परत घ्यायला खर्च झाला, दुकानांना रंग लागेना. नंतर घरातली भांडी मोडून घर चालवावं तसं. २०१५ ला दोनशेच्या वर जागा वेगळ्या कंपनीला विकल्या. आणि २०१७ ला क्राफ्ट्समन.

ते मला लागलं. इमारतीचं नाव २००९ ला बदललं तेव्हा एवढं लागलं नव्हतं. क्राफ्ट्समन हे १९२७ पासूनचं नाव, नव्वद कोटी डॉलरच्या आसपास स्टॅनली ब्लॅक अँड डेकर या हत्यारांच्या कंपनीला दिलं. तोवर तसेही पुष्कळ पाने परदेशातून यायला लागले होते. टेक्सासमध्ये, फोर्ट वर्थला, ते पुन्हा इथेच बनवायचे म्हणून नव्या मालकांनी मोठा यांत्रिक कारखाना उभारला, तो २०२३ ला बंद करायचं ठरलं. मी लोज या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन नवा रॅचेट हातात घेऊन बघितला. वाईट नाही. फिरवला की आवाज वेगळा येतो.

सुहास पुण्याला सीअर्सच्या ऑफिसात लागला होता ते आठवतं? आपण इकडे आलो आणि सीअर्स तिकडे गेलं, असं बाबा म्हणाले होते. तोही म्हणायचा, काकू, एवढी मोठी कंपनी.

१४ नोव्हेंबर २०२१ ला वुडफील्ड मॉलमधलं सीअर्सचं दुकान बंद झालं. अख्ख्या इलिनॉयमधलं शेवटचं. वुडफील्ड नावातला "वुड" म्हणजे सीअर्सचे एके काळचे प्रमुख जनरल वुड, हे आता तिथे कोणाला विचारलंस तर सांगता येणार नाही. मी गेले होते, तुम्हाला कोणाला सांगितलं नाही. हत्यारांच्या जागी नुसत्या फळ्या, आणि फळ्यांवरही किमतीच्या चिठ्ठ्या. फळ्याच विकायला काढलेल्या. एक माणूस कोपऱ्यातली लोखंडी मांडणी उचलून बघत होता, हलते का. मी त्याला सांगितलं, खालचा बोल्ट आवळा, थांबेल. त्याने माझ्याकडे असं बघितलं, साडीवर कोट घातलेली ही कोण म्हातारी!

माझ्याबरोबरचं कोणी दिसेल असं वाटलं होतं. नाही दिसलं. पेपरात वाचलं होतं, दिवाळ्यानंतर निवृत्तांचा आयुर्विमा बंद झाला आणि नव्वद हजार माणसांचं पेन्शन सरकारच्या हमी मंडळाकडे गेलं. पेन्शन निदान कोणीतरी सांभाळलं. शेअरला कोण सांभाळतं?

पुन्हा तेच. मी थांबते. तू चाळीसचा झालास, तुला तुझं कळतं, मी कोण तुला शेअरचं सांगणार? मला साधं मेघाने लावून दिलेलं बिल भरता येत नाही. रविवारी मी सायलीसमोर बोलायला नको होतं, तेही कळतं. तिच्या माहेरी काय गेलं असेल, या विचाराने दोन रात्री झोप नाही. तिला सांग, आई चुकली. नाहीतर मीच सांगेन.

फक्त एक गोष्ट तुला माहीत नाही. शेअर विकले त्या रात्री बाबा घोरले. हसू नकोस. लग्न झाल्यापासून रात्री दोनला उठून स्वयंपाकघरात पाणी पीत बसायची सवय होती त्यांना, तू तहान समजायचास. ती सवय त्या आठवड्यात गेली. मी तेव्हा रागात होते म्हणून लक्ष दिलं नाही. आता, सायली बोलता बोलता म्हणाली, तू रात्री उठून फोनवर भाव बघतोस.

ती चुगली नव्हती हं, तिच्यावर रागावू नकोस.

पेटी मी विकत नाही. मेघाला सांगितलं. बाबांचा अर्ध्या इंचाचा रॅचेट तेवढा या खोक्यात घातला आहे, चकल्यांच्या डब्याखाली, वर्तमानपत्रात गुंडाळून. दोन थेंब तेल घाल, जास्त नको, धूळ धरतं. पाठीवरची कळ उजवीकडे-डावीकडे होते, एकीकडे आवळतो, एकीकडे सैल होतो. ईराच्या पाळण्याचे बोल्ट एकदा बघून घे. ते दुकानवाले नुसते हाताने लावून जातात.

तुझी,
आई

ता. क. चकल्या या वेळी जरा कडक झाल्यात, भाजणी जुनी होती. आणि किती विकलेस, विकलेस की नाही, मला सांगू नकोस. मेघाला सांग. ती मला सांगणार नाही, पण तिच्या तोंडावरून मला कळतं.