मायकोसिस फंगॉइडिसच्या रुग्णांसाठी आवाहन : मलम, सुती चादरी आणि तुमचा थोडा वेळ

मायकोसिस फंगॉइडिस हा त्वचेतल्या टी-पेशींचा (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा) दुर्मीळ लिम्फोमा, म्हणजे कर्करोग. तो संसर्गजन्य नाही. बहुतेक रुग्ण पन्नाशीपुढचे, त्यात पुरुष जास्त. सावळ्या त्वचेच्या तरुणांना, क्वचित मुलांनाही तो होतो. तेव्हा नितंब, कंबर, मांड्या अशा ऊन न लागणाऱ्या जागी फिकट चट्टे उठतात. ते कोड, शिबं किंवा इसब समजले जातात आणि निदानाला वर्षं लागतात. त्यातून स्टिरॉइड मलम चालू असताना बायोप्सी (तपासणीसाठी त्वचेचा छोटा तुकडा) घेतली तर आजाराच्या खुणा दबतात. त्यामुळे मलम किती दिवस आधी थांबवायचं, हे डॉक्टरांना विचारूनच तपासणीला जावं.

आम्हाला सर्वांत जास्त गरज आहे ती त्वचा मऊ ठेवणाऱ्या, औषध नसलेल्या साध्या मलमाची. कोरडी, खाजणारी त्वचा भेगाळली की जंतू आत शिरतात, आणि या रुग्णांना तो संसर्ग महागात पडतो. अंगभर दोन वेळा लावायचं तर मोठ्या माणसाला आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम लागतं. उपचाराला मदत करणारे भेटतात, व्हॅसलीनसाठी कोणी पुढे येत नाही! बिनवासाचं, सीलबंद, मुदत किमान सहा महिने उरलेलं मलम द्या. पंपाची बाटली असेल तर उत्तम. डब्यात बोटं बुडाली की जंतूही जातात. घरात उरलेली स्टिरॉइडची किंवा जडीबुटीची मलमं मात्र आणू नका.

चादरी जुन्या, मऊ, सुती चालतील, फक्त धुतलेल्या हव्यात. पॅराफिनचं (व्हॅसलीनसारखं) मलम मुरलेलं कापड चटकन पेट घेतं आणि धुऊनही ते पुरतं निघत नाही, म्हणून चादरी वरचेवर बदलाव्या लागतात. शेगडी, उदबत्ती, विडी यांपासून त्या लांबच ठेवायच्या.

गाडी असणाऱ्यांनीही नाव नोंदवा. सुरुवातीच्या टप्प्यात अतिनील किरणांचा उपचार आठवड्यातून दोन-तीनदा, असा काही महिने चालतो. दिव्याखाली मिनिटंच जातात, येण्याजाण्यात मात्र अर्धा दिवस मोडतो. लागोपाठ फेऱ्या चुकल्या की किरणांची मात्रा पुन्हा खाली आणावी लागते आणि उपचार लांबतो. रुग्णाला नेताना एवढं पाहा की निघण्याआधी त्याने मलमाचा जाड थर लावलेला नाही. त्याने किरण अडतात.

रोख देणगीची पावती मिळेल. ती रक्कम मलम आणि पुन्हा कराव्या लागणाऱ्या बायोप्सी यांवरच खर्च होईल. सामान आणि नावं आमच्या मंडळाच्या कार्यालयात द्यावीत.