बाबा, या खेपेला आगगाडी नको

फोंडा, रविवार रात्र

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही आगगाडीने जायचं म्हणालात आणि मी "बघू" म्हणाले, ते खोटं होतं. बघायचं काही शिल्लकच नव्हतं. मंदारने रजा टाकली होती, ओमच्या वर्गशिक्षिकांना चिठ्ठी गेली होती, गाडी सर्व्हिसिंग होऊन आली होती. तुम्ही मुरगावला सहलीच्या बोटीतून उतरलात की आपल्या गाडीने थेट कवळ्याला शांतादुर्गेच्या देवळात, तिथून घरी जेवायला, आणि घरून परत बोटीवर. आगगाडी नाही. हे फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही "ठीक आहे" म्हणून फोन आईच्या हातात दिला असता, आणि तुमचं ते "ठीक आहे" मला आठवडाभर पुरलं असतं. म्हणून पत्र. शेवटपर्यंत वाचा, मग रागवा.

तुम्ही कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहून पाठवलेलं वेळापत्रक मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. आगमन, प्रस्थान, मधली रेघ पट्टीने मारलेली. वास्को ते मडगाव पॅसेंजर, मडगावहून फोंडा बस, फोंड्याहून कवळं रिक्षा. खर्चाच्या बेरजेखाली दोन रेघा. त्या कागदावर सगळं आहे बाबा, फक्त बोट नाही.

बोट धक्क्याला लागणार दहाला. परत चढायची वेळ साडेचार, ती सुटणार सहाला असली तरी. म्हणजे हातात साडेसहा तास. त्यातला पहिला पाऊण तास उतरणाऱ्यांच्या रांगेत जाणार, शेवटचा अर्धा तास गेटवरच्या तपासणीसाठी राखून ठेवायचा. उरले सव्वापाच. येण्याजाण्याच्या रस्त्याचे अडीच काढा. बाकी पावणेतीन तासांत देवी, जेवण, तुमची दुपारची गोळी आणि आईची दहा मिनिटांची पाठ टेकणं. वजाबाकी तुम्हीच मला शिकवलीत. तपासून बघा, हातचा विसरलेले नाही.

आणि बोट थांबत नाही. त्यांच्याच सहलीच्या बसमधून गेलेल्यांना उशीर झाला तर सहसा थांबते, आपापले भटकायला गेलेल्यांसाठी नाही. तुम्ही दोघं इथे धक्क्यावर आणि तुमची बॅग, चष्मे, गोळ्यांचा डबा समुद्रात, असं झालं तर? (आईला तेच हवं असेल. आई, हसू नकोस.)

तुम्ही म्हणाल, घरी बसून आकडेमोड करणं सोपं आहे. म्हणून गेल्या मंगळवारी मी स्वतः जाऊन आले. कोणाला न सांगता, हातात तुमचं एचएमटी बांधून. ते माझ्याकडेच आहे, ट्रंक उपसू नका. वास्कोला तिकीट काढलं, खिडकी मिळाली. दाबोळी, शंखवाळ, कासावली, माजोर्डा. पाणी साठलेली शेतं, माडांच्या रांगा, दाराजवळ रिकाम्या पाट्या उपड्या घालून त्यांच्यावर बसलेल्या मासळीवाल्या बायका. एक तर चक्क झोपली होती. खरं सांगते, फार छान वाटलं, आणि परत फिरून तुम्हाला फोन करून "चला" म्हणावंसं वाटलं.

मग वाटेत एका स्टेशनात गाडी क्रॉसिंगला उभी राहिली. 22 मिनिटं. यात चूक कोणाचीच नाही. लांबच्या गाडीला आधी वाट द्यायची असते, हे जेवताना आमटीची वाटी बाजूला सारून तुम्हीच दाखवायचात. डब्यात कोणी घड्याळाकडे बघत नव्हतं, एक मीच बघत होते. तुम्ही शेजारी असतात तर पहिल्याच मिनिटाला खाली उतरून कोणाशी तरी "रेल्वेत, मिरजेत होतो मी" सुरू केलं असतंत. तुमच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा वेळ, आणि माझ्या छातीत धडधड. पुढे मडगावला जिना, मग बसस्टँड दुसरीकडे म्हणून पुन्हा रिक्षा. डब्याच्या दाराशी उभी राहून मी पायरीही बघून घेतली. आईचा उजवा गुडघा त्या पायरीवर चढेल, पण उतरताना मागून लोक घाई करतात, आणि ती "आधी तुम्ही जा" म्हणून बाजूला उभी राहते. गाडी तेवढा वेळ थांबत नाही.

शिवाय फोंड्याला रूळच नाहीत, त्याला मी काय करू? शांतादुर्गा मूळची केळोशीची, मंगेश कुठ्ठाळीचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा लोकांनी देव जुवारीपार फोंड्याच्या बाजूला नेले. कवळ्याचं आत्ताचं देऊळ 1738 चं, सातारच्या शाहूमहाराजांच्या काळातलं. तुमची रेल्वे आली त्यानंतर दीडशे वर्षांनी. देवी केळोशीलाच राहिली असती तर तुमचं जमलं असतं, रूळ तिथून फार लांब नाहीत. पण तिने वाट बघितली नाही.

तुम्हाला रेल्वेच का हवी ते मला कळत नाही असं समजू नका. 1888 साली इंग्रजांची आणि पोर्तुगीजांची लाईन कॅसलरॉकला जुळली, आणि तिचं हे टोक मुरगाव बंदरात. त्या बंदरात उतरायचं आणि मोटारीत बसायचं, म्हणजे तुमच्या भाषेत, पंढरीला जाऊन विठोबाला न भेटता चुरमुरे घेऊन परत येणं. हे वाक्य तुम्ही आईला ऐकवलंत, आईने मला.

मला मिरजेचा तो फलाट आठवतो. कोयना की महालक्ष्मी, कुठल्यातरी गाडीतून आत्याकडची माणसं यायची, आणि गोव्याला जायचं म्हणून सगळे मीटरगेजकडे, त्या अरुंद रुळांच्या गाडीकडे, चालायला लागायचे. मी तुमच्या खांद्यावर. झोपलेय असं तुम्हाला वाटायचं, पण मी जागी असायचे. तुमच्या कोटाला कोळसा आणि आईने बांधलेल्या दशम्या, असा मिळून एक वास यायचा. गोव्याच्या वाटेवरच्या ब्रागांझा घाटाचा चढ 37 ला 1 आहे, म्हणजे 37 फूट पुढे गेलं की एक फूट वर, हे तुम्ही पोळपाटाखाली काडेपेटी सारून समजावलं होतंत, वर वाटाणा ठेवून. वाटाणा घरंगळला आणि आई ओरडली. अपूर्णांक मला तिथे कळले, शाळेत नाही. परतीच्या प्रवासात घाटाच्या पायथ्याशी कुळ्याला मागून इंजिन लागलं की तुम्ही मला डब्याच्या भिंतीला कान लावायला सांगायचात. "मागचा ढकलतोय, ऐक." दूधसागराचे तुषार खिडकीतून आत आले की आई पदराने माझं तोंड पुसायची आणि मी मुद्दाम पुन्हा बाहेर काढायचे.

हे सगळं लिहून झाल्यावरही मोटारच. कारण पाडव्यानंतर तुम्हाला दवाखान्यात नेलं तेव्हा मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचले. तुम्ही "कशाला धावत आलीस" म्हणालात. तेव्हापासून तुमच्याबरोबरच्या वेळातला एकही तुकडा मला कुठल्या सिग्नलच्या हवाली करायचा नाहीये. इथे पुढे एक ओळ लिहून खोडली आहे. आई, कागद उजेडात धरून ती वाचायचा प्रयत्न करू नकोस.

तुम्ही म्हातारे झालात म्हणून मोटार, असं अजिबात नाही. डॉक्टरांनी रोज चाला म्हटलंय, ते चालणं मिरजेत चाला. इथे साडेसहा तास मला द्या.

गाडीत पुढची सीट तुमची बाबा, रस्ता दिसायला. मागे आईला उशी ठेवलीय, पाय लांब करता येतील. ओम मध्ये बसेल, त्याच्याकडे लिंबू आणि आलेपाक. कुठ्ठाळीजवळ जुवारीच्या नव्या पुलाचे खांब दिसतील, दाखवीन. वेर्णा, लोटली करत बोरीच्या पुलावरून फोंड्यात. तासाचा रस्ता, गर्दी लागली तर सव्वा. देवळात मंडपापर्यंत पायऱ्या थोड्या आहेत, मंदार हात देईल. तो हात झिडकारायचा नाही. मंगेशी, म्हार्दोळ या खेपेला नाही. आई, तू म्हणशील "इतक्या जवळ आलोय तर". नाही. एकच देवी, पण निवांत.

जेवायला मुगागाठी, वालपापडीची भाजी, सोलकढी. बाबांची कढी मीठ न घालता वेगळी काढीन, आणि तांदूळ उकडा नाही, तुमचा नेहमीचा. न्हाणीघरात कमोडशेजारी धरायला स्टीलचा दांडा बसवून घेतलाय. तो मंदारच्या आईसाठी बसवला असं मी सगळ्यांना सांगितलंय. त्यांना सांगितलंय की तुमच्यासाठी. कोणी कोणाला विचारू नका.

आता नीट ऐका. बोटीवर चढायच्या आधी मळमळीच्या गोळीचं तुमच्याच डॉक्टरांना विचारा, शेजारच्या जोशीकाकांना नाही. रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, समुद्रावर असलं म्हणून काय झालं. दोन दिवसांच्या गोळ्या आईच्या पर्समध्ये वेगळ्या ठेवा, सगळ्या बॅगेत नकोत. उतरताना बोटीचं कार्ड आणि आधार, दोन्ही, प्रत्येकाचं प्रत्येकाजवळ. आईचं बाबांच्या खिशात नको. बाबा रेल्वेचं काही दिसलं की पुढे निघून जातात हे आपल्याला माहीत आहे. गेटपर्यंत कसं यायचं ते बोटीवरच विचारून घ्या आणि ते म्हणतील तसंच या. आम्ही पावणेदहापासून गेटबाहेर उभे असू. बोटीवर फुकट आहे म्हणून रात्री तळलेलं खाऊ नका. डेकवर वारा असतो, कानटोपी घ्या. आई, फोन चार्ज. गुडघ्याचा पट्टा बॅगेत नको, पायात घालूनच उतर.

बाबांसाठी दोन गोष्टी ठरवल्यात. पहिली, परतताना वास्कोत सव्वातीनच्या आत पोचलो तर दहा रुपयांचं फलाट तिकीट काढून पंधरा मिनिटं स्टेशनात बसायचं. तुम्ही, मी आणि ओम. आई मंदारबरोबर गाडीत थांबेल, तिला फलाटांचा पुरे अनुभव आहे. ओमला ब्रॉडगेज आणि मीटरगेज यातला फरक मी सांगून बघितला, त्याला कळला नाही. पोळपाट घेऊन येऊ का?

दुसरी जास्त महत्त्वाची. माघात जत्रेला तुम्ही या, मिरजेहून गोवा एक्सप्रेसने, आणि इथे पंधरा दिवस राहा. परत जाताना मी तुमच्याबरोबर मिरजेपर्यंत येते. ती वास्कोहून दुपारी सुटते, म्हणजे दूधसागर उजेडात. खिडकी तुमची. क्रॉसिंगला कितीही थांबली तरी मी घड्याळ बघणार नाही, तुम्ही खाली उतरून कोणाशी हवं तेवढं बोला. फक्त गाडी हलायच्या आत वर या.

रागावला असाल तर राग आईकडे काढू नका, मला फोन करा. रागावला नसाल तर नुसतं "बरं" एवढा मेसेज टाका. "ठीक आहे" नको.

आईला आणि तुम्हाला नमस्कार. ओमने खाली बोट काढली आहे, तिला चाकं आहेत.

तुमची,
चिमी

ता. क. एचएमटी दिवसाला चारेक मिनिटं मागे पडतंय. त्या दिवशी सोबत आणते. मिरजेतल्या तुमच्या घड्याळजीकडे टाका आणि माघात येताना घेऊन या.