साडीचा काठ

मोहननगर, नागपूर

प्रिय लेकरा,

जय ख्रिस्त.

काल फोनवर तू सांगितलंस की तुमच्या चर्चमधल्या नऊ जणी डिसेंबरात दुमक्याला निघाल्या आहेत आणि त्यात तुझंही नाव आहे. पप्पांना सांगितलं तर म्हणाले, "झारखंड? एवढ्या थंडीत?" आणि लगेच माळ्यावरून त्यांचं जुनं स्वेटर काढून उन्हात टाकलं. मला मात्र रात्री झोप लागली नाही. काळजीनं नाही, मेळघाट आठवत राहिला म्हणून. ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहिते.

तू सामानाची यादी वाचून दाखवलीस. ब्लँकेटं, साबण, मुलांसाठी रंगीत पुस्तकं, बीपी तपासायचं मशीन. चांगली यादी आहे. अशीच एक यादी मीही केली होती, 2003 च्या जानेवारीत. तू चार वर्षांची होतीस, तुला आजीजवळ ठेवून गेले होते. आमच्या महिला मंडळाच्या अकरा जणी. अमरावती, परतवाडा, मग सेमाडोहवरून जंगलातला रस्ता धारणीकडे. 1993 मध्ये मेळघाटातल्या कुपोषणानं दगावलेल्या लेकरांच्या बातम्या आल्या होत्या. तेव्हापासून मेळघाट म्हटलं की आम्हा शहरातल्या बायांच्या तोंडून आधी "अरेरे" निघायचं. ते "अरेरे" सोबत घेऊनच आम्ही जीपमध्ये बसलो होतो.

गाव पाहून मी चकित झाले. समोरासमोर घरांच्या दोन सरळ रांगा, मधून रस्ता, आणि अंगणं अशी सारवलेली की चप्पल घालून जायला संकोच वाटावा. आम्ही पोचलो त्याच दुपारी बायांना रांगेत बसवलं. प्रत्येकीला एक जुनी पण धुतलेली साडी आणि दोन साबण. आमच्यातल्या एकीनं फोटो काढले. मग प्रार्थना केली, मराठीत. त्या कोरकू बोलणाऱ्या. कोरकू मराठीच्याही घरची नाही आणि हिंदीच्याही, ती मुंडा कुळातली भाषा. त्या गप्प बसून ऐकत राहिल्या. रात्री आम्ही आपसात म्हणालो, किती साध्या, किती शांत बाया आहेत. तसं नव्हतं गं. त्यांनी आमच्याशी बोलावं असं आम्ही काही ठेवलंच नव्हतं. घ्या, बसा, डोळे मिटा, एवढंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे माझी पाळी आली. आठ दिवस आधी. जवळ काहीच नव्हतं आणि बाकीच्या जणी गावाच्या दुसऱ्या टोकाला उतरलेल्या. मी जिच्या घरी होते ती साधारण माझ्याच वयाची, चुलीपाशी बसून जाळ फुंकत होती. मी हिंदीत काहीतरी पुटपुटले, तिला कळलं नाही. शेवटी पदर धरून खूण केली. तिनं माझ्याकडे पाहिलं, उठली, आत गेली आणि आदल्या दिवशी मिळालेली साडी घेऊन आली. हिरवी सुती, मरून काठाची. ती मी ओळखली, कारण ती माझीच होती. तुझ्या बारशाला नेसलेली, मग ट्रंकेत पडलेली, आणि मी मोठ्या मनानं दानाच्या गाठोड्यात टाकलेली.

तिनं दात लावून ती फाडली. आधी काठ काढून बाजूला ठेवला, कारण काठ टोचतो, आणि मग आतलं मऊ कापड लांब फाडून घडी करून माझ्या हातात दिलं. तो टर्र आवाज अजून माझ्या कानात आहे. तिला एकच साडी मिळाली होती बेटा, आणि तिनं ती माझ्यासाठी फाडली. माझे डोळे भरून आले. ती मात्र हसली, आपल्या घरातल्या बाया या गोष्टीला हसतात तशीच, तोंडावर हात ठेवून. मग मीही हसले.

त्यानंतर तिचं तोंड उघडलं. नाल्यावर कुठे धुवायचं ते दाखवायला ती माझ्यासोबत आली. वाटेत पाण्याकडे बोट दाखवून म्हणाली, "डा." मी म्हटलं, "पाणी." तिनं म्हटलं, "पाणी." माझा "डा" तिला पसंत पडेना, चार वेळा म्हणवून घेतला. दुपारी तिनं माझ्या केसांना तेल लावलं. मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, लेकरं किती? एकच काहून? सासू आहे का? नवरा पितो का? मीही तेच विचारलं. तिची दोन लेकरं गेली होती. ते तिनं बोटांवर मोजून दाखवलं, चार बोटं उघडली आणि दोन परत मिटली. मी तिला बायबलमधलं वचन वाचून दाखवलं नाही. तिचा हात धरून बसले. बऱ्याच वेळानं तिनंच विचारलं की तुम्ही डोळे मिटून कोणाशी बोलता. तेव्हा सांगितलं, मला येत होतं तेवढं.

लहानपणापासून संडेस्कूलमध्ये योहानाचा चौथा अध्याय ऐकत आले. शोमरोनी बाई विहिरीवर येते आणि प्रभू थकून बसलेला असतो. त्यातल्या जिवंत पाण्यावर किती उपदेश ऐकले असतील. पण प्रभूनं तिच्याशी बोलायची सुरुवात काही देऊन केली नाही, तिच्याकडे पाणी मागून केली, हे मला त्या नाल्यावर कळलं. तहान त्याला खरीच लागली होती आणि पोहरा तिच्याकडे होता.

आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत. तुला लहानपणी मी कितीदा पळवलं असेल, "जा, काकूंच्या वाटीत चार संत्र्याच्या फोडी घालून दे." कारण नुसती घेत राहिली तर शेजारीण खाली मान घालून वागायला लागते. मग आपण सेवेला जातो तेव्हा समोरच्या बाईला वाटी भरून परत द्यायची संधी का देत नाही? मला याचं फार वाईट वाटतं.

तुझ्या पणजीनं इथल्या एका मिशन दवाखान्यात तीस वर्षं आया म्हणून काम केलं. गोऱ्या डॉक्टरबाईंनी तिला लिहायला-वाचायला शिकवलं, तिच्या मुलींना शाळेत घातलं. त्यांचं नाव निघालं की पणजी हात जोडायची. आपण आज आहोत ते त्या बायांमुळे, हे मी कधी विसरणार नाही. पण पणजी एक गोष्ट सांगायची. तीस वर्षांत त्या बाईंनी तिच्या घरी येऊन कधी चहा घेतला नाही. तिनं बोलावलं होतं, दोनदा. तिसऱ्यांदा बोलावलं नाही.

पुढे मी वाचलं की 1910 मध्ये एडिनबर्गला जगभरच्या मिशनऱ्यांची परिषद भरली होती. तिथे आपल्या देशाचे व्ही. एस. अझरिया उभे राहिले. हेच पुढे 1912 मध्ये अँग्लिकन मंडळीचे पहिले भारतीय बिशप झाले. तुम्ही गरिबांना अन्न देण्यासाठी आपली मालमत्ता दिलीत, आपली शरीरं जाळण्यास दिलीत, असं बायबलमधल्या करिंथकरांच्या पत्रातल्या शब्दांत सांगून ते म्हणाले, आम्ही प्रीतीही मागतो, आम्हाला मित्र द्या. ते वाचलं आणि मला पणजीचा तो न घेतलेला चहा आठवला.

आता दुसरी बाजू ऐक, कारण तीच चूक मीही केली. 2004 च्या पावसाळ्यात ती कोरकू मैत्रीण आपल्या दारात उभी राहिली. तिच्या धाकट्याला अमरावतीहून नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं होतं आणि माझा पत्ता लिहिलेला कागद तिनं दीड वर्ष जपून ठेवला होता. अकरा दिवस ती आपल्याकडे राहिली. तुला आठवत असेल, तू तिच्या मांडीवर झोपायचीस. मंडळातल्या एक बाई भेटायला आल्या, त्यांनी हळूच विचारलं, "तिचा कप वेगळा ठेवला आहे ना?" प्रभुभोजनाला एकाच प्याल्यातून घेणारी बाई! मी त्यांना काय म्हणाले ते लिहीत नाही, पण त्यानंतर वर्षभर आमचं बोलणं नव्हतं.

माझी चूक वेगळी होती. ती भांडी घासायला बसली की मी हातातून ओढून घ्यायची. "तू पाहुणी आहेस, बस." झाडू घेतला की झाडू काढून घ्यायची. चौथ्या दिवशी ती जेवेना. विचारलं तर म्हणाली, माझ्या घरी तू माझं कापड घेतलंस, तुझ्या घरी माझा हात चालत नाही? त्या दिवसापासून भाकरी तिनं थापल्या आणि पोळ्या मी लाटल्या. जाताना ती ओसरीवर बसून बांबूची टोपली विणून गेली. तू जिच्यात रिबिनी ठेवायचीस तीच. तिच्या कडेला जो हिरवा-मरून पट्टा गुंडाळलाय ना, तो त्या साडीचा काठ आहे. तुला हे कधी सांगितलं नव्हतं.

म्हणून तुला सांगते, दुमक्यात ब्लँकेटं पहिल्या दिवशी वाटू नका. आधी कोणाच्या तरी चुलीपाशी बसा. जे ताटात येईल ते खा, पोट बिघडलं तर गोळ्या आहेतच. फोटो विचारून काढ, आणि लेकरांचे तर आईला विचारल्याशिवाय नाहीच. "पुन्हा येऊ" असं सहज म्हणून टाकू नकोस, त्या बाया वाट पाहतात. परत आल्यावर कोणी विचारेल, किती जणींनी प्रभूला स्वीकारलं? आकडा सांगू नकोस. एकीचं नाव सांग आणि तिच्या लेकरांची नावं सांग.

आणि आपण तिथे प्रभूला पहिल्यांदा घेऊन चाललो असं मनात आणू नकोस. दुमक्याजवळ बेनागडियाला 1867 पासून मिशनचं काम आहे, तिथल्या संथाळ ख्रिस्ती बायांच्या कितीतरी पिढ्या संथाळीत गीतं गात आल्या आहेत. एखादं त्यांच्याकडून शीक. त्यांच्या भाषेला स्वतःची लिपी आहे, ओल चिकी, पंडित रघुनाथ मुर्मूंनी 1925 मध्ये घडवलेली. 2003 च्या घटनादुरुस्तीनं संथाळी आठव्या अनुसूचीत आपल्या मराठीच्या शेजारी बसली. तिथे भेटल्यावर "जोहार" म्हणतात. संथाळीही मुंडा कुळातलीच, कोरकूची लांबची बहीण. पाण्याला "दाक्" म्हणतात म्हणे. तू नीट ऐक आणि मला कळव, माझ्या "डा"सारखं वाटतं का ते.

यंदा, 2025 च्या मार्चमध्ये, महिलांच्या जागतिक प्रार्थना दिवसाला कुक बेटांच्या बायांनी लिहिलेली उपासना आपण केली. सत्तरी ओलांडलेल्या आपल्या बाया एकमेकींना "किया ओराना" म्हणत होत्या, तो तिकडचा नमस्कार. फार गोड वाटलं. घरी येताना मात्र वाटलं की त्या बेटावरची एक तरी बाई कधी आपल्या ओसरीवर येऊन बसली असती तर. तुला तसं बसायला मिळतंय.

तुमची आझाद हिंद एक्सप्रेस सकाळी नागपूरला येते. थांबते थोडाच वेळ, म्हणून कोच नंबर आदल्या रात्रीच कळव, ऐन वेळी मला प्लॅटफॉर्मवर पळवू नकोस. नऊ जणींना पुरेल एवढं देते, पोळ्या, शेंगदाण्याची चटणी आणि संत्रा बर्फीचे दोन डबे. एक तुमच्यासाठी, एक तिथे ज्या घरी उतरशील तिच्यासाठी. पप्पांचं स्वेटर घ्यायचंय, थोडं मोठं होईल. आणि एक जुनी सुती साडी घडी करून ठेवते पिशवीत तळाशी. ती वाटायची नाही, तुझ्यासाठी आहे.

तुझी,
आई