आजोबा कोणत्या खात्यात होते, हे विचारणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझा पीएच.डी.चा प्रबंध मान्य झाला. ऋणनिर्देशात आपल्यासाठी चारच ओळी मिळाल्या आणि तेवढ्याने माझे समाधान झाले नाही, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे.

मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातील आपल्या खोलीत मी पहिल्यांदा आले, तेव्हा माझ्या हातात १९८२ च्या गिरणी संपावरचा संशोधनाचा आराखडा होता. आपण तो शेवटपर्यंत वाचला, पेन्सिल खाली ठेवली आणि विचारले, "तुझे आजोबा गिरणीत कोणत्या खात्यात होते?" रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईत, मी म्हणाले. "साचेखात्यात, विणकामावर, का नव्हते?" डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत बदली, बोनस, जॉबर (कामगार भरणारा मुकादम) हे शब्द ऐकतच मी वाढले होते, पण हा प्रश्न आमच्या घरात कुणी कधी काढला नव्हता.

उत्तर आत्याने दिले. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून ओठांनी ओढून घ्यावा लागे, आणि ज्या धोट्याला अस्पृश्याचे ओठ लागले त्याला तोंड लावायला सवर्ण कामगार तयार नसत; त्यामुळे जास्त मजुरीचे साचेखाते आमच्या माणसांना बंद राहिले. दोन बोटे ओठांशी नेऊन ऐंशी वर्षांच्या आत्याने तो धागा कसा ओढत ते मला दाखवले आणि म्हणाली, "दादांना, तुझ्या आजोबांना, तेवढंच करू दिलं नाही." त्या दिवशी माझा विषय बदलला. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे मांडला होता, हे मी आधी वाचलेले होते. पण घरातली व्यक्ती त्या ओळीत आहे, हे मला आपल्यामुळे कळले.

जात, राष्ट्रवाद आणि चळवळी हे तीन विषय आपण तीस वर्षांहून अधिक काळ एकत्रच शिकवले. १९१९ साली सुरू झालेल्या, घुर्ये आणि अ. रा. देसाई यांच्यासारख्यांनी घडवलेल्या समाजशास्त्र विभागात शिकताना राष्ट्रवादाच्या आर्थिक पार्श्वभूमीचा अभ्यास आम्ही करतच होतो. आपण त्याच्या शेजारी जोतीरावांचा 'एकमय लोक' हा शब्द ठेवला आणि जातीजातींत विभागलेल्या माणसांचे राष्ट्र कसे होणार, हा त्यांचा प्रश्न आमच्यापुढे मांडला. मग २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील बाबासाहेबांच्या भाषणापर्यंत आम्हाला नेले, जिथे त्यांनी जातींना राष्ट्रविरोधी म्हटले. ही साखळी मला अन्य कुणी इतक्या स्पष्टपणे दाखवली नव्हती.

माझ्या रागाला मात्र आपण मोकळे सोडले नाही, आणि याबद्दल मी आपली सर्वांत अधिक ऋणी आहे. तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या मसुद्यात मी लाल बावट्याच्या, म्हणजे कम्युनिस्टांच्या, कामगार संघटनांना सरसकट जातीयवादी ठरवून मोकळी झाले होते. आपण समासात एवढेच लिहिले, "७ नोव्हेंबर १९३८?" त्या दिवशी संपाच्या हक्कावर बंधने घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मुंबईत एकत्र संप केला होता. मतभेद होते आणि ते खोल होते, तरीही माणसे एका रस्त्यावर आली, आणि ही गोष्ट वगळून लिहिलेले प्रकरण खोटे ठरले असते. ते मी पुन्हा, पहिल्या वाक्यापासून लिहिले.

शिष्यवृत्तीचे पैसे एका कार्यालयात अकरा महिने अडकले, तेव्हा आपण मुलाखती उतरवून काढण्याचे काम मला दिले आणि त्याचा मोबदला दर महिन्याला न चुकता हाती ठेवला. घरच्या माणसांवर संशोधन करू नये, ते शास्त्रीय ठरत नाही, असे एका ज्येष्ठांनी बैठकीत सुनावले, तेव्हा आपण शांतपणे म्हणालात की बाहेरच्यानेही कुठूनतरीच पाहिलेले असते.

आत्याच्या मुलाखतीची ध्वनिफीत आपण मागितली होती. ती आणि तिची लिखित प्रत घेऊन मी येत्या सोमवारी येते. नाव छापू नका, असे आत्या पूर्वी म्हणाली होती. प्रबंध झाल्याचे कळल्यावर तिने निरोप पाठवला आहे की आता तिचे पूर्ण नाव घातले तरी चालेल, आणि आजोबांचेही घालावे.

आपली विद्यार्थिनी,
मुंबई